कुत्र्याला मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तर: सुजेआधी हिरड्या बघा

आमची चिंगी गावठी आहे, तांबूस रंगाची, वजन १४ किलो. वाईच्या बाजूला आमचं कौलारू घर आहे आणि पावसाळा सरता सरता त्याच्या वळचणीला गांधीलमाश्या हमखास पोळं करतात. चिंगीला तिथे दोनदा माशी चावली.

पहिल्या वेळी तिचं तोंड टम्म फुगलं. एक डोळा मिटला, ओठ लोंबायला लागला. घरात नुसती धांदल उडाली. संध्याकाळपर्यंत सूज उतरली आणि रात्री ती नेहमीसारखी भाकरी खाऊन झोपली.

दुसऱ्या वेळी सूज जवळजवळ आलीच नाही. परसात नळाजवळ ती एकदम किंचाळली, दोन चकरा मारल्या आणि घरात आली. दहा मिनिटांत उलटी, मग आणखी एक उलटी. मोरीतल्या गार फरशीवर जाऊन पडली. मला वाटलं, बाहेर काहीतरी खराब खाल्लं असेल. मग पातळ शी झाली, त्यात रक्ताचा अंश होता. जवळच्या दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी उचलला. मी सगळं सांगायला लागले तर त्यांनी मधेच थांबवून एकच विचारलं, "हिरड्यांचा रंग काय आहे?" मी ओठ वर केला. गुलाबी हिरड्या जुन्या चुन्याच्या भिंतीसारख्या करड्या-पांढऱ्या पडल्या होत्या. "आहे तशी उचला आणि निघा," त्या म्हणाल्या. चिंगी वाचली. पण उलटीचा आणि माशीचा संबंध लावण्यात माझी वीस मिनिटं गेली होती. तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी तिथून हला

कुत्रा किंचाळला की आपण तिथेच खाली बसून त्याचं तोंड तपासायला लागतो. तसं करू नका. मधमाशीने काटा मारला की त्यातून एक वास सुटतो, त्या वासावर बाकीच्या माश्या येतात. गांधीलमाशीचं पोळं जवळ असेल तर तीही एकटी नसते. कुत्र्याला पट्ट्याला धरून घरात किंवा गाडीत न्या, दार लावा, मग बघा.

दुखावलेला कुत्रा तुम्हालाही चावू शकतो, अगदी मांडीवर झोपणारा असला तरी. घरातल्या दुसऱ्या माणसाला डोकं धरायला सांगा. तोंड बांधायची वेळ आली तर फक्त श्वास नीट असेल तेव्हाच बांधा. उलट्या होत असतील, धाप लागली असेल किंवा तोंड सुजलं असेल तर अजिबात बांधू नका.

२. काय चावलं असेल?

नेहमीच समजतं असं नाही, पण अंदाज उपयोगी पडतो.

मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो आणि त्यासोबत विषाची पिशवीही. काटा दिसला म्हणजे मधमाशीच. आपल्याकडे आग्या, सातेरी आणि फुलोरी या मुख्य. आग्या उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली, इमारतीच्या सज्जाखाली मोठं उघडं पोळं लावते आणि चिडली की झुंडीने येते. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत असते. फुलोरी लहान, कुंपणाच्या झुडपात.

गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही आणि एकच माशी तीन-चार वेळा चावू शकते. त्यामुळे काटा सापडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

आंब्या-काजूच्या झाडावरचे हुमले, म्हणजे लाल मुंग्या, चावले तर कुत्रा पंजे चाटत, तोंड जमिनीला घासत सुटतो. साध्या पाण्याने भरपूर धुवा, बोटांच्या मधल्या मुंग्या काढा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. केसाळ सुरवंट तोंडात धरला असेल तर चोळू नका, केस आणखी रुततात. चिकटपट्टी लावून अलगद उचला आणि मग पाणी घाला.

विंचू हा कीटक नव्हे, पण कोकणात आणि देशावर दगडा-लाकडाच्या ढिगात तो सर्रास असतो. अचानक लंगडणं, लाळ गळणं, अंग थरथरणं अशी लक्षणं दिसली तर घरी थांबू नका. कोकणातला लाल विंचू माणसाच्याही हृदयावर आणि फुप्फुसांवर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन त्यावर जे काम केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ते वाचून कुत्र्याला घरी प्राझोसिन मात्र देऊ नका, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि सगळ्यात मोठी गल्लत सापाची. कुत्रा नाक खुपसून शोधतो, त्यामुळे घोणस किंवा फुरसंही नाकाडावरच चावतं आणि सूज बघून घरचे "माशी चावली असेल" म्हणत बसतात. सूज तासाभरात मानेकडे पसरत चालली, जागा काळी-निळी पडली, तिथून रक्त झिरपत राहिलं तर साप समजूनच निघा. मण्यार चावली तर सूजही नसते आणि खूणही दिसत नाही. पाय लटपटणं, पापण्या जड होणं एवढंच दिसतं.

३. काटा दिसला तर लगेच काढा

काट्याला चिकटलेली पिशवी शरीरापासून तुटल्यावरही विष ढकलत राहते. पहिल्या मिनिटभरात बहुतेक विष आत जातं. त्यामुळे नखाने काढू, कार्डाने खरवडू की चिमटा शोधू यात वेळ घालवू नका. जे हाताशी आहे त्याने काढा.

केसाळ कुत्र्याला काटा दिसत नाही. बोटांनी केस उलटे सारत नाक, ओठ, कान, पंज्यांच्या गाद्या, पोट या क्रमाने बघा. बारीक काळा ठिपका आणि त्याला चिकटलेला पांढरट थेंब, असा तो दिसतो.

४. हिरड्या बघा

हा लेख लिहिण्याचं कारण हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

माणसाला तीव्र ॲलर्जी झाली की घसा आवळतो, दम लागतो. कुत्र्यात पहिला तडाखा बऱ्याचदा यकृताला आणि आतड्याला बसतो. रक्त तिथे तुंबतं, रक्तदाब कोसळतो. म्हणून उलटी, पातळ किंवा रक्ताची शी, एकदम गळून जाणं ही त्याची लक्षणं. तोंड फुगलेला कुत्रा भयंकर दिसतो, पण तो शेपटी हलवत असेल आणि हिरड्या गुलाबी असतील तर बहुधा निभावतो. ज्याच्या तोंडाला काहीच झालेलं दिसत नाही पण दोन उलट्या करून जो कोपऱ्यात पडलाय, त्याची खरी काळजी करा.

तपासायचं असं. वरचा ओठ उचला आणि सुळ्याच्या वरची हिरडी बघा. ओलसर आणि गुलाबी हवी. आता अंगठ्याने दाबा, जागा पांढरी होईल. अंगठा सोडा आणि "एक, दोन" म्हणा. दोन म्हणेपर्यंत गुलाबी रंग परत आला पाहिजे. हिरडी पांढरी, करडी, निळसर किंवा विटकरी लाल असेल, किंवा रंग परतायला वेळ लागत असेल, तर पुढचा मजकूर वाचत बसू नका, निघा.

अनेक गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. तुमच्या कुत्र्याची हिरडी एरवी कशी दिसते हे आजच, तो धडधाकट असताना, बघून ठेवा. फोटो काढलात तर फार उत्तम.

सोबत दोन गोष्टी मोजा. छाती १५ सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजून चारने गुणा. शांत पडलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी बघा. ती लागतच नसेल किंवा धाग्यासारखी बारीक लागत असेल तर ते वाईट लक्षण आहे.

पहिला तासभर दर पाच मिनिटांनी हे करा. तीव्र ॲलर्जी बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच तोंड काढते, कधी त्यानंतरही. आणि एकदा ठीक वाटून काही तासांनी पुन्हा उसळू शकते. त्यामुळे त्या रात्री कुत्र्याला एकटं ठेवू नका.

५. गुलाबी हिरड्या, एक-दोन डंख: घरी काय करायचं

बर्फ पातळ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा, थोडं थांबा, पुन्हा धरा. थेट बर्फ कातडीवर नको. मधमाशीच्या डंखावर खायच्या सोड्याची पेस्ट लावली तर चालते, पण कुत्रा चाटू शकेल अशा जागी आणि डोळ्याजवळ नको. पाणी समोर ठेवा, पाजायची जबरदस्ती करू नका.

आपल्याकडचे उपाय लोक प्रेमानेच सुचवतात, पण माणसाला चालणारं कुत्र्याला चालत नाही, कारण लावलेलं सगळं तो चाटून पोटात घेतो. चुना कातडी आणि जीभ भाजतो. तंबाखूची पूड किंवा मशेरी कुत्र्याला विषारी आहे. कांद्याचा रस लावू नका, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. रॉकेल तर नकोच नको. घसा सुजायची शक्यता असताना तूप-दूध ओतणंही धोक्याचं, ते श्वासनलिकेत जातं.

६. गोळी द्यायची का?

साध्या सुजेला आणि अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या गाठींना डॉक्टर ॲलर्जीची गोळी सांगतात. पण मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते आणि ती तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली हवी. संकटाच्या वेळी शोधत बसायची ती गोष्ट नाही.

इथे सापळे आहेत. सेटिरिझिन म्हणून दुकानदार जी सर्दीची पट्टी देतो, तिच्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं औषधही असतं. दोन्ही कुत्र्याला घातक. पट्टीमागचं बारीक अक्षर वाचा, एकच घटक हवा. अमेरिकेतले लेख सरसकट बेनाड्रिल द्या म्हणतात. आपल्याकडे त्या नावाने खोकल्याचं सिरप मिळतं आणि त्यात इतर घटकही असतात, तेव्हा नाव सारखं म्हणून पाजू नका. सिरपमध्ये झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य असेल तर तेही कुत्र्याला विष. आणि दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कधीही नाही.

दुसरं म्हणजे, गोळीने तीव्र ॲलर्जी थांबत नाही. ती पोटातून रक्तात जायलाच वेळ लागतो, आणि कुत्रा उलट्या करत असेल तर गोळी बाहेर येते. "गोळी दिलीय, बघू अर्धा तास" हे वाक्य चिंगीच्या वेळी आमच्याही घरात कोणीतरी म्हणालं होतं.

७. तोंडात किंवा घशात चावली असेल

माशी हवेत पकडून खायची सवय असलेल्या कुत्र्यांना हे होतं. लाळ गळते, पंजाने तोंड खाजवतात, गिळता येत नाही. बाहेरून सूज दिसत नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज आला, जीभ निळसर दिसली, तर ताबडतोब दवाखाना. पग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत तर आवाज येण्याची वाट बघू नका. त्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, थोडी सूजही पुरते.

८. निघताना

आधी फोन करा, निघाल्यावर वाटेत केलात तरी चालेल. एका दमात एवढं सांगा: वजन, वय, किती वाजता आणि कुठे चावली, अंदाजे किती डंख, हिरड्यांचा रंग, किती उलट्या, काय औषध दिलं. आणि तुम्ही विचारा: "ॲड्रेनालिन, सलाईन आणि ऑक्सिजन आहे का?" (ॲड्रेनालिन हे तीव्र ॲलर्जीवरचं मुख्य इंजेक्शन.) उत्तर नाही असेल तर दुसरीकडे वळा, किंवा पहिलं इंजेक्शन तिथे घेऊन पुढे जा. आमच्या भागात ऑक्सिजन सगळीकडे नसतो.

कुत्र्याला चालवू नका. चादरीची झोळी करून दोघांनी उचला, कुशीवर झोपवा, मान सरळ ठेवा. दुचाकीवर जायचं तर मागे धरायला माणूस हवाच, त्यापेक्षा रिक्षा बरी.

तिथे ॲड्रेनालिन, शिरेतून सलाईन, ॲलर्जीचं इंजेक्शन, कधी स्टेरॉइड देतात. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसली तर निदानाला आधार मिळतो, म्हणून माशी चावल्यावर पोटाची सोनोग्राफी कशाला असं म्हणून अडवू नका. डॉक्टर रात्रभर ठेवा म्हणाले तर ठेवा. चिंगीला रात्री दोन वाजता पुन्हा रक्तदाबाने दगा दिला होता. ती घरी असती तर आम्हाला कळलंही नसतं.

कुठे जायचं हे आजच ठरवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल मुंबईकरांना सांगायला नको. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, जवळ असेल तर तिथल्या दवाखान्याच्या वेळा विचारून ठेवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला तरी खेड्यात रात्री कोणाला विचारायचं हे तिथे समजू शकतं. यादीत एकाच दवाखान्याचं नाव ठेवू नका, किमान तीन ठेवा.

९. झुंड आली तर

आग्या मोहोळ उठलं की साखळीला बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, आणि झुंडीत सापडून जीव जातो तो बऱ्याचदा अशा बांधलेल्यांचाच. तुमच्या कुत्र्याच्या बांधायच्या जागेपासून पोळं दिसत असेल तर आजच जागा बदला. गडावर किंवा लेण्यांकडे कुत्रा नेत असाल तर कड्यावरची पोळी आधी बघा, धूर करू नका, उग्र अत्तर लावून जाऊ नका.

हल्ला झाला तेव्हा साखळी तुमच्या हातात असेल तर ती सोडा आणि पळा, बंद जागेत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घोंघावत थांबतात. जाड घोंगडी, पूर्ण बाह्या आणि तोंड झाकल्याशिवाय बांधलेल्या कुत्र्याकडे जाऊ नका. तुम्हीच पडलात तर त्याला कोण सोडवणार? अग्निशमन दलाला बोलवा. आत आणल्यावर केसांत अडकलेल्या माश्या ओल्या टॉवेलने दाबून काढा.

दर किलो वजनाला साधारण २० डंख जीवघेणे ठरू शकतात असा पशुवैद्यकातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे १४ किलोच्या चिंगीला २८०. पण ५ किलोच्या पिल्लाला १००च. आणि ॲलर्जी असेल तर एकही पुरतो. म्हणून दहा-बाराच्या वर डंख असतील तर कुत्रा कितीही टवटवीत दिसो, दाखवून आणा. विषाने रक्तपेशी फुटतात, स्नायू झिजतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो, तोही पुढच्या एक ते तीन दिवसांत. लघवी लालसर किंवा काळ्या चहासारखी झाली, हिरड्या पिवळट दिसल्या, खाणं सोडलं तर त्याच दिवशी परत जा. रक्ताची तपासणी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा करायला सांगतील, ती टाळू नका.

१०. डब्यात आणि फाइलमध्ये काय ठेवाल

डब्यात: चिमटा, जुनं प्लास्टिकचं कार्ड, छोटी टॉर्च, थर्मामीटर (कुत्र्याचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे १०१ बघून ताप समजू नका), सलाईनची छोटी बाटली, सुती फडकी, चिकटपट्टी, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी आणि तिच्या पट्टीला चिकटवलेली वजन-मात्रेची चिठ्ठी.

फाइलमध्ये: लसीकरणाचं कार्ड, गेल्या तीन महिन्यांतलं वजन, चालू औषधं, याआधी कशाची ॲलर्जी झाली ते तारखेसह, तीन दवाखान्यांचे नंबर, निरोगी हिरड्यांचा फोटो. थोडी रोकडही ठेवा, रात्री सगळीकडे ऑनलाइन पैसे चालत नाहीत.

एकदा तीव्र ॲलर्जी झालेल्या कुत्र्यासाठी घरी ॲड्रेनालिन ठेवायचं का, ते कसं आणि किती टोचायचं, हे डॉक्टरांकडून समोरासमोर शिकून घ्या. स्वतःच्या मनाने आणून ठेवू नका. आमच्या फ्रिजच्या दारावर आता डॉक्टरबाईंच्या हातची चिठ्ठी आहे, आणि सप्टेंबर लागला की आम्ही दर रविवारी शिडी लावून वळचण बघतो. पोळं वाटीएवढं असतानाच माहीतगार माणसाला बोलावून काढतो, तोपर्यंत चिंगीला पुढच्या दाराने फिरवतो.